वळकटी कुणी बांधायची, कुणी सोडायची

पुस्तकं छापणाऱ्या एका मित्राकडे शनिवारी सकाळी गेलो, तर तो कपाळाला हात लावून बसलेला. कोपऱ्यातल्या लिनक्स मशीनचा पंखा आदल्या संध्याकाळपासून घरघरत होता. घरी निघताना त्याने जुन्या पुस्तकांच्या स्कॅनचं सगळं फोल्डर कॉम्प्रेस करायला लावलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं की एक्सझेडने फाइल सगळ्यात लहान होते, आणि त्यातही नऊ नंबरची पातळी लावली की त्यापुढे काही नाही. मशीन बिचारं इमानेइतबारे राबत होतं. दुपारी एकदाचं काम संपलं. मूळ फोल्डरशी ताडून पाहिलं, तर वाचलेली जागा शेकडा दोनसुद्धा नव्हती.

"अरे, मग रात्रभर हे करत काय होतं?"

शोधत होतं. जे नव्हतंच ते शोधत होतं.

चहा पिता पिता त्याने मग तो प्रश्न विचारला, जो लिनक्स वापरणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो: सगळ्यात चांगलं कॉम्प्रेशन कोणतं? गफलत इथेच होते, कारण "चांगलं" म्हटलं की आपल्याला "लहान" एवढंच सुचतं. गादी, उशी, चादर गुंडाळून दोरीने आवळलेली वळकटी आठवा. ती किती बारीक झाली याला महत्त्व आहेच. पण बांधायला किती वेळ गेला, सोडायला किती जातो, बांधतो कोण, सोडतो कोण आणि किती वेळा, याला त्याहून जास्त आहे. वर्षभर माळ्यावर पडून राहणारी वळकटी आणि रोज रात्री अंथरायची वळकटी कुणी एकाच पद्धतीने बांधत नाही.

पण आधी त्या स्कॅनचं काय झालं ते पाहू.

रजिस्टरमध्ये एकाच गावचे, एकाच पत्त्यावरचे लोक ओळीने आले की कारकून दुसऱ्या नावापासून "वरीलप्रमाणे" लिहून मोकळा होतो. आब्राहाम लेम्पेल आणि याकोव्ह झिव या दोघा इस्रायली संशोधकांनी १९७७ साली हाच कारकुनी शहाणपणा गणितात बसवला. मजकूर वाचत पुढे जायचं. समोर आलेला तुकडा मागे कुठे येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही, "मागे चारशे अक्षरं जा, तिथली अठरा उचल" एवढीच खूण ठेवायची. दोघांच्या आडनावांवरून आणि सालावरून या पद्धतीला एलझेड-७७ म्हणतात. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक पद्धती तिच्याच लेकी-नाती आहेत. दुसरी युक्ती त्याहून जुनी, १९५२ची, एमआयटीत शिकणाऱ्या डेव्हिड हफमनची: जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड खूण द्या, क्वचित येणाऱ्याला लांब.

दोन्ही युक्त्या पुनरावृत्तीवर जगतात. जेपीईजी चित्र साठवतानाच डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून दिलेला असतो आणि उरलेलं हफमनच्या युक्तीने आवळलेलं असतं. तिथे "वरीलप्रमाणे" लिहायला काही उरतच नाही. एमपी-थ्री गाणी, व्हिडिओ, झिप फाइली, इतकंच काय, लिब्रेऑफिसची ओडीटी फाइलसुद्धा (ती मुळात झिपच असते), सगळ्यांची तीच गत. चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस निघत नाही. एनक्रिप्ट केलेली फाइलही अशीच कोरडी असते, म्हणून आधी आवळायचं आणि मग कुलूप लावायचं, हा क्रम चुकवायचा नाही.

उलट मराठी मजकूर म्हणजे कॉम्प्रेशनचं हक्काचं माहेर. का, ते जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. "मराठी" हा शब्द म्हणजे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट. ते आकड्यांत मांडले तर असे दिसतात: २२४-१६४-१७४, २२४-१६४-१७६, २२४-१६४-१९०, २२४-१६४-१६०, २२४-१६५-१२८. पहिला आकडा दर वेळी २२४. दुसरा १६४ नाहीतर १६५. जे काही सांगायचं आहे ते तिसऱ्या बाइटात. पहिले दोन म्हणजे प्रत्येक अक्षराआधी मान्यवरांचं स्वागत. त्यामुळे मराठी मजकुराची साधी फाइल इंग्रजीच्या मानाने फुगलेली दिसते, पण आवळली की ती सूज बरीचशी उतरते. गंमत म्हणजे मित्राच्या मशीनवर स्कॅनच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये अनेक वर्षांच्या युनिकोड मजकुराच्या साध्या टेक्स्ट फाइली होत्या. त्यांना त्याने हात लावला नव्हता. "त्या लहानच आहेत रे," म्हणाला.

लिनक्सवर कॉम्प्रेशन म्हटलं की आधी भेटतं ते जीझिप. त्याचा जन्म पेटंटच्या भानगडीतून झाला. युनिक्सवर पूर्वी कॉम्प्रेस याच नावाचा प्रोग्रॅम होता. तो एलझेडडब्ल्यू ही पद्धत वापरायचा आणि तिचं अमेरिकी पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. म्हणून १९९२मध्ये झाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी पेटंटच्या कचाट्यात न सापडणारा प्रोग्रॅम लिहिला. आतली पद्धत फिल कॅट्झच्या पीकेझिपमधली, डिफ्लेट नावाची: आधी "वरीलप्रमाणे", त्यावर हफमन. युनिसिसचं पेटंट अमेरिकेत २००३मध्ये संपलं, पण तोवर कॉम्प्रेसची कुणाला आठवणही राहिली नव्हती. आजही तुमची फाइल कुठल्या मशीनवर, कुठल्या सालात, कोण उघडणार याचा भरवसा नसेल तर जीझिपइतका बिनघोर पर्याय नाही. सर्व्हरच्या जुन्या लॉग फाइली मुकाट्याने जीझिप होत राहतात आणि झेडग्रेप या कमांडने त्या न सोडताच चाळता येतात. हे जुनं जोडपं मोडायचं काही कारण मला दिसत नाही.

जीझिपची स्मरणशक्ती मात्र तोकडी. डिफ्लेटला मागचे फक्त ३२ किलोबाइट दिसतात. मराठीत हिशेब केला तर साधारण दोन हजार शब्द. हे प्रकरण त्यात मावत नाही. शेवटच्या पानावर येईपर्यंत जीझिप सुरुवातीची वळकटी विसरून गेलेलं असेल. एका प्रकरणापुरतं याने काही बिघडत नाही. पण समजा पाच मेगाबाइटच्या कोशाची दोन प्रूफं आहेत, दुसऱ्यात शे-दोनशे दुरुस्त्या, बाकी सगळं तसंच. दोन्ही टार या प्रोग्रॅमने एका गठ्ठ्यात बांधून जीझिपकडे दिली, तर दुसरं प्रूफ पहिल्याचीच नक्कल आहे हे त्याला कळतच नाही. ते पुन्हा अथपासून इतिपर्यंत राबतं. एक्सझेड नेहमीच्या सहाव्या पातळीवर ८ मेगाबाइट मागे पाहतं, नवव्या पातळीवर ६४. त्याला दुसरं प्रूफ जवळजवळ फुकटात पडतं. ज्याची ओळख पुढे होईल त्या झेडस्टँडर्डला "लाँग" हा पर्याय दिला की ते १२८ मेगाबाइटपर्यंत मागे वळून पाहतं. एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या, एकाच डेटाबेसच्या रोजच्या प्रती, असल्या जुळ्यांच्या गठ्ठ्यात पातळीचा आकडा वाढवण्यापेक्षा ही दूरदृष्टी फार कामाला येते. टारने आधी एकत्र बांधून मग आवळण्याचा फायदाही हाच. झिप प्रत्येक फाइल सुटी आवळतं, त्यामुळे शेजारच्या फाइलीत काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. बदल्यात एकच फाइल हवी असेल तर ती पटकन काढून देतं.

बीझिप-टू १९९६चं, ज्युलियन सीवर्डचं. ते "वरीलप्रमाणे"च्या वाटेने जातच नाही. मजकुराच्या जास्तीत जास्त ९०० किलोबाइटच्या तुकड्यातली अक्षरं एका चतुर क्रमाने लावून सारखी अक्षरं शेजारी आणतं. जीझिपपेक्षा फाइल लहान होते, पण सोडतानाही बराच वेळ खातं. नवीन कामासाठी मी ते निवडणार नाही. पण प्रत्येक तुकडा स्वतंत्र असल्यामुळे फाइल मध्येच खराब झाली तरी बाकीचे तुकडे वाचवता येतात, हा त्याचा गुण विसरू नये. मराठी विकिपीडियाची अख्खी प्रत उतरवून घ्यायला गेलात तर ती बीझिप-टूमध्ये मिळते, आणि तिचा एक प्रकार शंभर-शंभर लेखांच्या सुट्या तुकड्यांत बांधलेला असतो. सोबतची सूची पाहून हवा तो तुकडाच सोडायचा, सगळा गठ्ठा नाही.

आता एक्सझेड. इगोर पाव्लोव्हच्या सेव्हन-झिपमधली एलझेडएमए ही पद्धत लिनक्सच्या रीतीभातीत बसवून फिनलंडच्या लासे कॉलिनने ते २००९मध्ये आणलं. आवळण्यात ते खरोखर पटाईत आहे. पण त्याच्याच माहितीपत्रिकेतला तक्ता पाहा: सहाव्या पातळीवर आवळायला ९४ मेगाबाइट मेमरी, सोडायला ९. नवव्या पातळीवर आवळायला ६७४, सोडायला ६५. बांधणाऱ्याने घाम गाळायचा आणि सोडणाऱ्याने मानाने कमी, अशी ही वाटणी. जी गोष्ट एकदाच बांधायची आणि हजारोंनी उतरवून घ्यायची, तिला ही वाटणी शोभते. म्हणून लिनक्स कर्नलचा सोर्स एक्सझेडमध्ये मिळतो आणि डेबियनची पॅकेजं वर्षानुवर्षं त्यातच बांधली जातात. भाड्याच्या ५१२ मेगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर नववी पातळी लावण्याचा पराक्रम मी एकदा केला आहे. ती चूक माझीच होती, पण शिव्या मात्र मी सर्व्हरला घातल्या.

सोडणाऱ्याचे कष्ट कमी म्हटले तरी ते शून्य नसतात, आणि सोडणारे लाखांनी असले की त्यांची बेरीज होते. ही बेरीज मनावर घेतली ती यान कॉले या फ्रेंच प्रोग्रॅमरने. २०११मध्ये त्याने एलझेड-फोर लिहिलं: आवळतं बेताचं, पण वेग असा की सोडताना प्रोसेसरला ते जाणवतही नाही. पुढे फेसबुकमध्ये असताना २०१६च्या ऑगस्टमध्ये त्याने झेडस्टँडर्ड खुलं केलं. त्यात मागे पाहण्याची जुनी युक्ती आहेच, पण हफमनच्या जोडीला पोलंडच्या यारेक दुदाची नवी अंकपद्धतीही आहे. या पद्धतींची तुलना करायला झेडस्टँडर्डवाल्यांनी सायलेशिया नावाचा फाइलसंच वापरला. त्यात डिकन्सच्या कादंबऱ्यांपासून वेबस्टरच्या कोशापर्यंत आणि क्ष-किरण चित्रापर्यंत बारा तऱ्हेच्या फाइली आहेत, मिळून सुमारे २१२ मेगाबाइट. त्यांच्या आकड्यांनुसार सगळ्यात खालच्या पातळीवर झेडस्टँडर्ड मूळ आकार सुमारे २.९ पटीने कमी करतं, जीझिपमागची झेडलिब २.७ पटीने, एलझेड-फोर २.१ पटीने. सोडण्याचा वेग झेडलिबचा सेकंदाला चारशे मेगाबाइटच्या आसपास, झेडस्टँडर्डचा दीड हजाराच्या आसपास, एलझेड-फोरचा साडेतीन हजारांच्या पुढे. म्हणजे झेडस्टँडर्डने जीझिपला जागा आणि वेळ दोन्हीत मागे टाकलं. असं क्वचित होतं. एरवी एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं.

झेडस्टँडर्डच्या पातळ्या १ ते १९, हट्टाला पेटलात तर २२. खरी मेख अशी की पातळी कितीही वाढवा, सोडण्याचा वेग जवळपास तेवढाच राहतो. बांधणारा हवा तेवढा घाम गाळो, सोडणाऱ्याला त्याची झळ नाही. आर्च लिनक्सच्या मंडळींनी २०१९च्या अखेरीस आपली पॅकेजं एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेली, तेव्हा त्यांनी हिशेब जाहीर केला: सगळ्या पॅकेजांचा मिळून आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला, आणि सोडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी. शंभर रुपयांमागे ऐंशी पैसे जास्त मोजून तासाचं काम पाच मिनिटांत होत असेल तर कोण नाही म्हणेल? फेडोरा त्याआधीच तिकडे वळलं होतं, उबुंटू २०२१मध्ये वळलं. डेबियन एक्सझेडवरच राहिलं. जुन्या मंद जोडण्यांवर पॅकेज उतरवणाऱ्यांचा विचार केला तर त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

आकडे असे बोलत असतानाच २०२४च्या मार्चमध्ये एक वेगळंच प्रकरण निघालं. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर काही मोजमापं करत होता. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याच्या डोळ्यात खुपलं. धागा ओढत तो पोचला एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांपाशी. त्यांत चोरवाट घातलेली होती. एका टोपणनावाच्या इसमाने दोन-तीन वर्षं सज्जनपणे मदत करून, थकलेल्या एकट्या रखवालदाराचा विश्वास मिळवून, किल्ल्या आपल्या हाती घेतल्या होत्या. मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ती पोचण्याआधी पकडली गेली. एक्सझेड आजही वापरण्याजोगं आहे, त्यातला तो भाग केव्हाच काढून टाकला. पण एखादी पद्धत निवडताना ती कोण सांभाळतं, किती जण सांभाळतात, हा प्रश्न तेव्हापासून मी तक्त्यातल्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवतो.

झेडस्टँडर्डची आणखी एक करामत मराठी माणसाला सहज समजेल. पूर्वी पोस्टकार्डावर जागा ती केवढी, म्हणून मजकूर सुरू व्हायचा "ती. बाबांना सा. न. वि. वि." असा, आणि धाकट्याला जायचं ते "चि." आणि "अ. उ. आ." साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे सगळं चार अक्षरांत, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघांच्या डोक्यात एकच कोश आधीपासून होता. एक-दोन किलोबाइटच्या सुट्या सुट्या नोंदी आवळायच्या असतात तेव्हा कुठल्याही पद्धतीची पंचाईत होते. मागे पाहायला मागे काही नसतंच. झेडस्टँडर्डला अशा नोंदींचे हजारभर नमुने दिले की ते त्यांतून असा कोश तयार करून देतं. मग दोन्ही बाजूंनी तो जपायचा. हरवला तर सगळ्या नोंदी "सा. न. वि. वि." न कळणाऱ्याच्या हातातल्या पत्रासारख्या.

इथवर गठ्ठ्यांचं झालं. पण मित्राची खरी गरज गठ्ठा बांधण्याची नव्हतीच. डिस्क भरत आली होती आणि फाइली मात्र रोज उघडाव्या लागत होत्या. अशा वेळी आवळणं-सोडणं फाइलसिस्टीमवर सोपवता येतं: तुम्ही लिहिता तेव्हा ती गुपचूप आवळून ठेवते, वाचता तेव्हा सोडून देते, आणि वरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला याची खबर नसते.

बहुतेकांच्या मशीनवर असते ती ईएक्सटी-फोर. तिच्यात ही सोय नाही. चॅटर या कमांडच्या माहितीपत्रिकेत फाइल कॉम्प्रेस करण्याची एक खूण दिलेली आहे, ती पाहून लोक हरखतात. त्याच पत्रिकेत खाली लिहिलंय की ईएक्सटी घराण्यातल्या फाइलसिस्टीम ती जुमानत नाहीत. एक्सएफएसमध्येही नाही. कर्नलमध्येच असलेला, डेस्कटॉपवर रुळलेला पर्याय म्हणजे बीटीआरएफएस, ज्याला लाडाने बटर म्हणतात. तिथे झेडलिब, एलझेडओ आणि, २०१७च्या ४.१४ कर्नलपासून, झेडस्टँडर्ड असे तीन पर्याय आहेत. फेडोराने २०२१च्या ३४व्या आवृत्तीपासून नव्या मशीनवर झेडस्टँडर्डची पहिली पातळी आपणहून लावायला सुरुवात केली. माझ्या मते घरच्या मशीनला तीच पुरे. डिस्कवर लिहिताना तुम्ही समोर ताटकळत बसलेले असता. पंधराव्या पातळीचा घाम तिथे कुणासाठी गाळायचा?

आवळल्याने मशीन मंदावेल ही भीती बऱ्याचदा उलटी असते. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या आसपास देते. अर्धेच बाइट उचलायचे आणि उरलेलं काम प्रोसेसरने हा हा म्हणता उरकायचं, तर एकूण वाचन जलदच होतं. सेकंदाला पाच-सहा गिगाबाइट ओतणाऱ्या नव्या एनव्हीएमई डिस्कवर मात्र हा हिशेब उलटू शकतो. तिथे जागा वाचवायची म्हणून आवळा, वेगासाठी नको.

बटर तुमची फाइल जास्तीत जास्त १२८ किलोबाइटच्या तुकड्यांत आवळते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, सगळी सुरुवात-शेवट त्या तुकड्यातच, त्यामुळे गठ्ठ्याइतकी बचत इथे होणार नाही. त्या दोन प्रूफांची नक्कल इथे ओळखली जात नाही. दोन, फाइलीच्या मधल्या चार किलोबाइटसाठी अख्खा तुकडा सोडावा लागतो. एकदा लिहून अनेकदा सलग वाचायच्या मजकुराला हे चालतं. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क-फाइली, ज्यांत इथे थोडं तिथे थोडं असं सारखं खोदकाम चालू असतं, त्यांना हे जाचतं. त्यांच्या फोल्डरला वेगळी खूण करून या सगळ्यातून सूट द्यावी. स्कॅनसारख्या कोरड्या फाइलींची काळजी करू नका. बटर सुरुवातीला चव घेऊन पाहते, रस नाही असं दिसलं की तशीच ठेवून देते. जबरदस्तीने सगळंच आवळायचा पर्यायही आहे, तो वापरायची वेळ सहसा येत नाही.

आणि एक खड्डा, ज्यात मी स्वतः पडलो. कॉम्प्रेशन चालू केलं की ते फक्त पुढे लिहिल्या जाणाऱ्या मजकुराला लागू होतं. जुन्या फाइली पुन्हा लिहिल्याशिवाय आवळल्या जात नाहीत, आणि त्यासाठी डीफ्रॅगमेंटची कमांड असते. माझ्या डिस्कवर वर्षभराचे स्नॅपशॉट होते. स्नॅपशॉट आणि चालू फाइल एकाच साठ्यावर बोट ठेवून असतात. मी फाइल नव्याने लिहिली, तेव्हा स्नॅपशॉटकडे जुनी राहिली आणि माझ्याकडे नवी आली. जागा वाचवायला निघालो आणि तासाभरात डिस्क भरली. आधी नको ते स्नॅपशॉट काढा, मग जुन्या फाइलींना हात लावा.

झेडएफएसवाल्यांचं सोपं आहे. परवान्याच्या तिढ्यामुळे ही फाइलसिस्टीम मुख्य कर्नलमध्ये येत नाही, पण जिथे आहे तिथे कॉम्प्रेशन "ऑन" म्हटलं की एलझेड-फोर लागतं आणि माणूस ते विसरून जातो. जुन्या कागदपत्रांच्या कप्प्याला तेवढं झेडस्टँडर्ड लावावं. ते २०२०च्या ओपनझेडएफएस २.०पासून आलं.

आणखी एक जमात कधीच न लिहिल्या जाणाऱ्या फाइलसिस्टीमची. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता तेव्हा आत बहुधा स्क्वॉशएफएस असते: बांधली एकदाच, पुढे फक्त वाचायची. अँड्रॉइडही लिनक्स कर्नलवर चालतो, त्यामुळे हा प्रश्न खिशातल्या फोनमध्येही आहे. हुआवेच्या इंजिनिअरांनी तिथल्यासाठी ईआरओएफएस लिहिली, ती २०१९मध्ये कर्नलमध्ये रुजू झाली. तिची कल्पना मला फार आवडते. बाकीचे ठरावीक माप घेऊन आवळतात, निघेल तेवढं निघेल. ही उलट, चार किलोबाइटचा डबा काठोकाठ भरेपर्यंत आत कोंबत राहते. त्यामुळे डिस्कवरून उचललेला प्रत्येक डबा भरलेलाच असतो, अर्धा रिकामा डबा उगाच वाहून आणावा लागत नाही. डबेवाल्याच्या हिशेबाची फाइलसिस्टीम.

मित्राच्या मशीनचं शेवटी असं केलं. कामाच्या फाइलींची डिस्क बटरवर नेली, झेडस्टँडर्ड पहिल्या पातळीवर. सगळं नव्याने कॉपी झाल्यामुळे डीफ्रॅगमेंटची भानगडच उरली नाही. स्कॅन बाहेरच्या दोन डिस्कवर नुसते कॉपी करायचे, काही न आवळता. आवळलेल्या गठ्ठ्यात मध्येच एखादा बाइट सडला तर बऱ्याचदा पुढचं सगळंच जातं, सुट्या चित्रांतलं एखादंच जाईल. मजकुराचा महिन्याचा गठ्ठा टार करून झेडस्टँडर्डच्या एकोणिसाव्या पातळीवर, "लाँग"सह, रात्री. तो सोडून पाहण्याची चाचणी त्याच स्क्रिप्टमध्ये. झेडस्टँडर्ड मूळ फाइल आपणहून पुसत नाही हे त्याला दोनदा सांगितलं, कारण जीझिप आणि एक्सझेड पुसतात आणि हाताला ती सवय असते.

महिन्याने गेलो तेव्हा कॉम्पसाइझ ही कमांड चालवून दाखवली. साधी डीयू कमांड फाइलींचा मूळ आकारच सांगते, खरी व्यापलेली जागा हिच्यात कळते. मजकुराचं फोल्डर तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं होतं. स्कॅनचं, शंभराला शंभर.

"आणि तो रात्रभर बांधलेला गठ्ठा?" त्याने विचारलं. तो अजून तसाच पडून होता. टारने बांधला असल्यामुळे मूळ फोल्डर शाबूत होतं, दोन डिस्कवर प्रतीही होत्या. त्याने गठ्ठा निवडला, क्षणभर थांबला आणि पुसून टाकला. पंखा जरासुद्धा घरघरला नाही.